प्रकरण नववे : दुसऱ्याच्या लाकडाला रंधा

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी इंजिनियरने घरातल्या सर्वांना खाली कारखान्यात बोलावून घेतले आणि परक्या मुलखातल्या माणसांशी कसे वागावे, यावर व्याख्यान दिले. तो मिस्त्रींचा धाकटा मुलगा. तंत्रमहाविद्यालयात यंत्रांची रेखाटने शिकवत असल्यामुळे घरात आणि गल्लीत त्याला इंजिनियर म्हणत. कोणतीही गोष्ट दोन रकान्यांत मांडल्याशिवाय त्याला ती पटत नसे, आणि एकदा मांडली की दुसऱ्या कोणाला पटो न पटो, त्याची हरकत नसे.

वर घर, खाली कारखाना अशी त्या वास्तूची रचना होती. एवढ्या माणसांची पंगत वर बसणार नव्हती, म्हणून कामाची बाके भिंतीला सरकवून मधल्या मोकळ्या जागेत नवे टेबल मांडले होते. मिस्त्री आणि त्यांची नात या दोघांनी मिळून ते केले होते. सगळीकडे पुसून, झाडून घेतले असले तरी हवेत लाकडाच्या भुशाचा वास होताच.

"तुलना पद्धतशीर करायची असते," इंजिनियर म्हणाला. "आपण रंधा पुढे ढकलतो, ते स्वतःकडे ओढतात. आपली करवत ढकलताना कापते, त्यांची ओढताना. यातून काय दिसतं?"

"त्यांना उलटं काम करायची सवय आहे," आत्या म्हणाली.

"तायडे, उलटं नाही. वेगळं. आपला स्वभाव बाहेर जाणारा, त्यांचा आत येणारा. म्हणजे ते कमी बोलणार. जेवताना तर अजिबात नाही. तेव्हा आग्रह करायचा नाही, मोठ्याने हसायचं नाही आणि दोघांनी एका वेळी बोलायचं नाही."

"मग आम्ही करायचं काय?"

"गप्प बसायचं."

"किती वेळ?"

"ते जाईपर्यंत."

"त्यापेक्षा मी घरीच जाते," आत्या म्हणाली, पण खुर्चीवरून हलली नाही. ती मिस्त्रींची थोरली मुलगी. पलीकडच्या गल्लीत तिचे शिवणकामाचे दुकान होते. उंचीने ठेंगणी आणि जिभेने लांब, असे तिचे वर्णन तिचा भाऊच करीत असे. या लग्नाला तिचा पहिल्यापासून विरोध होता आणि तो तिने एकदाही लपवला नव्हता.

मिस्त्री कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. ते बसत क्वचितच. नातीने जेव्हा सांगितले, की वखारीत काम शिकायला आलेल्या त्या समुद्रापलीकडच्या खुर्चीवाल्याशी तिला लग्न करायचे आहे आणि पुढची काही वर्षे त्याच्या घरच्या कारखान्यात काम करायचे आहे, तेव्हा ते इतकेच म्हणाले होते, "माणसं बघून सांगतो." त्यावर तीही म्हणाली होती, की आजोबांनी हो म्हटल्याशिवाय ती जाणार नाही. तिसऱ्या पिढीत रंधा हातात धरलेली ती एकटीच होती. ती गेली तर तिचे बाक रिकामे राहणार, हे सगळ्यांना माहीत होते आणि त्याबद्दल कोणी बोलत नव्हते.

लहानपणापासून घरात तिला गिरमिट म्हणत, कारण एकदा प्रश्न विचारायला लागली की भोक पाडायच्या त्या हत्यारासारखी आरपार गेल्याशिवाय थांबत नसे. आज मात्र तिने काकाला एकही प्रश्न विचारला नाही. ती टेबल पुसत राहिली.

*

खुर्चीवाल्याच्या आईला जिन्यावरून वर नेऊन हात धुवायला पाणी देण्यात आले, पुन्हा खाली आणून मानाच्या जागी बसवण्यात आले, आणि एवढ्या अवधीत कोणी अवाक्षर काढले नाही. सगळे हसत होते, परंतु ओठ मिटून.

बाई चक्रावल्या. मुलाकडून वर्षभर धडे घेऊन त्या ही भाषा शिकल्या होत्या. सावकाश बोलत, पण नेमके बोलत. मुलाने निघण्यापूर्वी बजावले होते, की ही माणसे मनमोकळी आहेत, सगळी एकदम बोलतात, आणि त्यांच्यात जो गप्प बसतो तो एकतर आजारी असतो किंवा रुसलेला. म्हणून बाईंनी आपल्या थोरल्या भावालाही तयार करून आणले होते. हा खुर्चीवाल्याचा मामा आयुष्यात करवतीखेरीज कोणाशी फारसा बोललेला नव्हता. त्याला पाच-सहा वाक्ये पाठ करून दिली होती आणि ती खणखणीत आवाजात म्हणायला सांगितले होते.

जेवण सुरू झाले. ताटल्यांचा आणि चमच्यांचा तेवढा आवाज होत होता. गिरमिटची आई, म्हणजे मिस्त्रींची सून, सगळ्यांना वाढत होती. मामाची वाटी रिकामी दिसली तशी तिचा हात पळीकडे गेला, पण दिराने तिच्याकडे पाहिले आणि तिने हात आखडता घेतला. मामाने बहिणीकडे पाहिले. बहिणीने किंचित मान हलवली.

"भाजी उत्तम आहे," मामा गर्जला.

आत्याच्या हातातला चमचा ताटलीत पडला.

"घर फार मोठे आहे," मामा आणखी मोठ्याने म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. कोणीच काही बोलत नाही असे पाहून त्याने उरलेली पुंजीही घाईघाईने बाहेर काढली. "आज पाऊस पडेल असे वाटते. मला तीन बहिणी आहेत. आपली प्रकृती कशी आहे?"

खिडकीबाहेर ऊन रणरणत होते. आत्याने ओठ दाबून धरले, नाकाने श्वास घेतला, पदराचे टोक तोंडाशी नेले. पण हसू आवरले नाही. "माझी प्रकृती उत्तम आहे," ती म्हणाली, "पण तुम्ही घरीसुद्धा असेच बोलता का हो?"

खुर्चीवाल्याने ते मामाला सांगितले. मामाने खाली मान घालून पुटपुटत उत्तर दिले.

"मामा म्हणतोय, घरी मी बोलतच नाही," खुर्चीवाला म्हणाला. "त्याला तसं सांगितलं होतं."

"कोणी?"

"मी," खुर्चीवाला म्हणाला. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"आणि आम्हाला ह्याने," आत्याने भावाकडे बोट केले. "मघापासून तोंडं शिवून बसलोय. माझे तर गाल दुखायला लागले."

मग जे हसू फुटले त्यात इंजिनियरही सामील झाला. चूक उघड झाली की मनापासून हसणे हा त्याचा गुण होता. बाई आधी नीट समजून घेऊन, मग उशिरा आणि सर्वांत जास्त वेळ हसल्या. गिरमिटच्या आईने न विचारता मामाची वाटी काठोकाठ भरली. आत्याने आपली खुर्ची उचलून मामाच्या शेजारी आणली आणि ज्याला आपली भाषा येत नाही त्याला ती आपल्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगू लागली. तो एक अक्षरही न समजता मान डोलवीत होता. इतका चांगला श्रोता तिला आजवर कोणी मिळाला नव्हता.

"माणूस बरा आहे," वाढायला वहिनी जवळ आली तेव्हा आत्या हळूच म्हणाली. "मुलगाही वाईट नसावा."

"काल तर तुम्ही म्हणत होता, की..."

"काल मी ह्यांना पाहिलं होतं का?"

*

जेवण आटोपल्यावर खुर्चीवाला बाहेर उभ्या केलेल्या गाडीतून एक स्टूल घेऊन आला. त्याने ते स्वतः केले होते, या घरासाठी. तीन पायांचे, गडद लाकडाचे, बसायची जागा तळहातासारखी किंचित खोलगट. खिळा नाही, स्क्रू नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवून केलेले. त्याने ते मध्यभागी ठेवले आणि दोन पावले मागे सरून उभा राहिला. त्याची आईही उठून उभी राहिली.

"वा, काय सुरेख आहे," गिरमिटची आई म्हणाली.

"सांधा दिसतसुद्धा नाही," इंजिनियर वाकून बघत म्हणाला. "अप्रतिम."

"असं काम इकडे कोणाचंच नाही," आत्याने सांगून टाकले.

मिस्त्रींनीही पुढे होऊन स्टुलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान. फारच छान."

प्रत्येक वाक्यागणिक बाईंचा चेहरा उतरत गेला. कौतुक करणाऱ्यांपैकी ते कोणाच्याच लक्षात आले नाही. बाई एकेकाकडे आळीपाळीने पाहत होत्या, जणू कोणीतरी आणखी काही बोलेल अशी वाट पाहत असाव्यात. खुर्चीवाला खाली जमिनीकडे बघू लागला. मामाने दोन्ही हात मागे बांधले.

मग बाईंनी मनाशी काही ठरवले. नवीन टेबलाजवळ जाऊन त्या सरळ जमिनीवर बसल्या, डोके टेबलाखाली घातले आणि चारही पायांवरून अंगठा फिरवला. खिडकीकडच्या पायाशी त्यांचा अंगठा थांबला. त्या बाहेर आल्या.

"हा पाय," त्या सावकाश म्हणाल्या, "आतल्या बाजूने तिरका आहे. थोडा. केसाएवढा." आणि मिस्त्रींपुढे हात पसरून त्यांनी विचारले, "मला रंधा द्याल का? मी काढते."

*

त्यानंतरची शांतता सकाळी ठरवून पाळलेल्या शांततेपेक्षा अगदी निराळी होती.

गिरमिटची आई या घरात सून म्हणून आली तेव्हापासून तिने एक नियम पाहिला होता: एकाने पुरे केलेल्या कामाला दुसरा हत्यार लावत नसे. तिचा नवरा हयात असताना बापाच्या कामावर कधी त्याने साधा पॉलिश-कागदही फिरवला नव्हता. आणि ही पाहुणी, जेवून उठल्याबरोबर, चारचौघांत, त्या हातांच्या कामात खोट काढते आणि वर रंधा मागते. इतके दिवस सासऱ्यांपुढे या सोयरिकीची बाजू तिनेच लावून धरली होती. आता तिने मुलीला बाजूला ओढले.

"हे घर आपल्यासाठी नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आज टेबल, उद्या तुझ्या प्रत्येक कामावर रंधा."

"आई, थांब ना जरा."

"काय थांबू? आजोबांच्या तोंडाकडे बघ."

"अहो वहिनी, जेवायला वाढलंत आणि आता हाकलून देता की काय?" आत्या मध्ये पडली. आदल्या दिवशीपर्यंत हे बोलणे नेमके उलट दिशेने चालले होते, याचे दोघींनाही भान राहिले नाही. "बोलली असेल एखादं. मी नाही का बोलत?"

"तुम्ही घरच्या आहात."

गिरमिटने खुर्चीवाल्याकडे पाहिले. तो पांढराफटक पडला होता. पण त्याच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, आश्चर्य होते.

"तुझ्या आईने असं का केलं?" तिने विचारले.

"तुम्ही कोणीच केलं नाही म्हणून," तो म्हणाला.

"काय केलं नाही?"

"स्टुलात चूक काढली नाही."

"चूक काढायची होती?"

"मग?" तो म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, शब्द जुळवत सांगू लागला. "आमच्याकडे परक्याच्या कामाला चांगलं म्हणतात आणि पुढे जातात. परक्याला चूक कशाला सांगायची? त्याचं तो बघेल. हत्यार लावायचं ते फक्त आपल्या माणसाच्या कामाला. दोन घरं जोडली जातात तेव्हा हे त्यांच्या एका वस्तूवर रंधा मारतात, ते ह्यांच्या. तुम्ही चौघंही 'छान' म्हणालात. आईला वाटलं, तुम्ही नाही म्हणताय. तरीसुद्धा आपल्या बाजूची रीत म्हणून तिने रंधा मागितला."

गिरमिटच्या आईने लेकीचा दंड सोडला. इंजिनियर जागच्या जागी खाली बसला, आणि ज्यावर बसला तो रंगाचा बंद डबा होता हेही त्याला कळले नाही.

"म्हणजे त्या आदराने..." तो म्हणाला, "आणि आपण आदराने..."

"आता रकाने पाडू नकोस," आत्या म्हणाली.

*

मिस्त्री अजून बोलले नव्हते. त्यांना राग आला आहे असे सगळे समजत होते. तो आला नव्हता. ते खिडकीकडच्या त्या पायाकडे पाहत होते.

तो पाय तिरका आहे हे त्यांना ठाऊक होते. तो नातीने केला होता. त्यांच्या कारखान्यात चूक तोंडाने सांगायची रीत नव्हती. काटकोन तपासायचा गुण्या चुकलेल्या जागी ठेवायचा आणि चहा प्यायला निघून जायचे. करणारा येतो, पाहतो, समजतो, आणि कोणाचाही मान जात नाही. वडिलांनी त्यांना असेच शिकवले आणि त्यांनी मुलांना. टेबल पुरे व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी त्या पायाशी गुण्या ठेवला होता. परत आले तेव्हा गुण्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला होता आणि पाय तसाच होता. ते काही बोलले नाहीत. नातीने पाहिले, आणि तसेच ठेवायचे ठरवले, असा त्यांनी अर्थ लावला. आता तिचे माप वेगळे झाले; ती मनाने निघून गेलीच आहे. तेव्हापासून त्यांचा होकार अडला होता. जी गेलीच आहे तिला जा म्हणून काय सांगायचे?

"तो पाय तिरका आहे," ते शेवटी म्हणाले. "मला माहीत होतं."

"माहीत होतं?" गिरमिट वळली. "मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं. गुण्या ठेवला होता."

"कुठे?"

"पायाशी. तू उचलून खिळ्याला लावलास."

"आजोबा," ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही तो विसरलात."

"मी?"

"गेल्या महिन्यात चष्मा सरसाच्या भांड्यात सापडला. त्याआधी पटाशी भाजीच्या टोपलीत. मी रोज तुमच्या मागून वस्तू जागच्या जागी ठेवत फिरते. बोलत नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. गुण्याही तसाच ठेवला."

"चष्मा मी ठेवला होता होय तिथे?" मिस्त्री म्हणाले.

आत्या आधी हसली. मग बाईंना मुलाने सगळे समजावून सांगितले, आणि त्या जमिनीवर बसल्या बसल्याच टेबलाच्या पायाला धरून हसू लागल्या. मिस्त्री हसले नाहीत. परंतु कित्येक दिवसांत प्रथमच त्यांचे खांदे सैल झाले. समुद्रापलीकडच्या बाईचे म्हणणे कळायला वेळ लागला, हे समजण्यासारखे होते. एकाच छपराखाली, शेजारशेजारच्या बाकांवर काम करणारी दोन माणसे एकमेकांचा मान राखता राखता एकमेकांना ऐकेनाशी झाली होती, हे इंजिनियरच्या कुठल्याच रकान्यात बसणारे नव्हते.

त्यांनी भिंतीवरचा आपला रंधा काढला, पाते तपासले, आणि बाईंच्या हातात दिला.

टेबल आडवे करायला सगळे धावले. बाईंनी आपल्या सवयीप्रमाणे रंधा फिरवून धरला, एका पायाचा तळवा टेबलाच्या फळीला टेकवला आणि रंधा स्वतःकडे ओढला. लाकडाची पातळ, लांब, अखंड साल निघून त्यांच्या मांडीवर पडली.

"अरे," इंजिनियर म्हणाला. तो उठून त्यांच्याजवळ आला होता. "त्या बसल्यात."

"मग?" खुर्चीवाला म्हणाला. "आम्ही जमिनीवर बसूनच काम करतो. पायाने लाकूड अडवायचं आणि आपल्याकडे ओढायचं. बसलेला माणूस ढकलेल कसा? मागे कोलमडेल."

"आणि आपण उभे राहतो, म्हणून अंगाचा भार पुढे..." इंजिनियरने कपाळाला हात लावला. "म्हणजे स्वभावाचा काही संबंधच नाही. मी पंधरवडाभर स्वभावावर विचार केला आणि माणूस बसलाय की उभा आहे तेच पाहिलं नाही." हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की कोणी त्याची थट्टा केली नाही. त्याने बाईंकडून रंधा मागून घेतला, जमिनीवर बसला, ओढून पाहिला आणि खरोखरच मागे कोलमडला. मग मात्र थट्टा झाली.

मिस्त्रींनी गुण्या लावला. पाय सरळ होता.

*

आता स्टुलाची पाळी आली, आणि तिथेच नवी अडचण उभी राहिली.

मिस्त्रींनी स्टूल बाकावर घेतले. चष्मा लावला. सांधे पाहिले, खालची बाजू पाहिली, तिन्ही पायांचे अंतर मापले, गुण्या लावता येईल तिथे लावला. बाई, मामा आणि खुर्चीवाला श्वास रोखून उभे होते. मिस्त्रींनी स्टूल उलटे केले, पुन्हा सुलटे केले. बोट ओले करून लाकडाच्या रेषांवरून फिरवले.

"काय आहे?" गिरमिटने विचारले.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे चूकच नाही. कुठे काढू?" त्यांच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामातली चूक न दाखवण्याची सवय केलेल्या माणसाला आज एक चूक हवी होती आणि ती सापडत नव्हती. "पोराने फार जपून केलंय."

"चूक नाही, हे वाईट आहे," बाई मुलाला म्हणाल्या. "मी सांगितलं होतं, थोडं राहू दे."

"मला राहवलं नाही," खुर्चीवाला म्हणाला.

इंजिनियरने मोजून पाहिले. गिरमिटने पाहिले, तिला कुठेतरी डाग दिसल्यासारखा वाटला, पण तो पुसला गेला. तिच्या आईने, जिने मघाशी हे घर आपले नव्हे म्हणून सांगितले होते, तिनेही चष्मा मागून घेतला आणि इकडून तिकडून निरखत म्हणाली, "रंग जरा..." पण पुढे काय म्हणावे ते तिला सुचले नाही, कारण रंगही चांगलाच होता.

"सरका," आत्या म्हणाली. "स्टूल बघायचं असतं की बसायचं असतं?"

ती स्टुलावर बसली. म्हणजे आधी चढली आणि मग बसली. तिचे दोन्ही पाय हवेत लोंबकळू लागले. तिने ते एकदा पुढे, एकदा मागे हलवून पाहिले.

"उंच आहे," ती म्हणाली. "माझे पाय टेकत नाहीत."

"हे आजोबांच्या मापाने केलंय," खुर्चीवाला म्हणाला. "त्यांच्यासाठी."

"बाबा कधी बसलेत का? चोवीस तास उभे. या घरात येऊन बसते ती मी. आणि मला हे उंच होतं. ही चूक नाही तर काय आहे?"

खुर्चीवाल्याने मान खाली घातली, आणि खाली घातलेल्या मानेनेच तो हसू लागला. बाईंनी पुढे होऊन आत्याचे दोन्ही हात धरले. त्यांना जे म्हणायचे होते ते या भाषेत येईना, तेव्हा त्या आपल्याच भाषेत भरभरून बोलू लागल्या. आत्याही आपल्या भाषेत बोलत राहिली, आणि दोघींचेही छान चालले होते. मामाने आता कोणी न सांगता मोठ्या आवाजात जाहीर केले, "आपली प्रकृती उत्तम आहे."

मिस्त्रींनी आत्याला स्टुलावर तशीच बसवून ठेवले, टाचेपासून जमिनीपर्यंतचे अंतर पट्टीने घेतले आणि तिन्ही पायांवर पेन्सिलीने खुणा केल्या. मग तिला उतरवून स्टूल बाकावर आडवे टाकले. "करवत आण," ते नातीला म्हणाले.

गिरमिटने करवत आणली, पण हातात ठेवली.

"आजोबा, मग ठरलं का?"

"करवत मागितली ना?"

"ती मागितलीत. पण तुम्ही गुण्या ठेवता आणि मी खिळ्याला टांगते. मला खुणेने नको. तोंडाने सांगा."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिले. मग भिंतीला लागलेल्या तिच्या बाकाकडे. कारखान्यात सगळे गप्प झाले होते, आणि या वेळी कोणी कोणाला तसे सांगितले नव्हते.

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं," ते म्हणाले. एवढे मोठे वाक्य आपल्या मनाबद्दल त्यांनी या घरात कधी उच्चारले नव्हते, म्हणून ते थांबले, आणि पुढचे तितक्याच स्पष्टपणे म्हणाले. "माणसं चांगली आहेत. मुलगा चांगला आहे. माझं हो आहे. जा. आणि तिकडे माझं काही चुकलेलं आठवलं तर कळव. मीही कळवीन."

"तोंडाने?"

"तोंडानेच. दुसरं काय?"

गिरमिटने त्यांच्या हातात करवत दिली. त्यांनी पहिल्या खुणेवर पाते टेकवले, आणि मग काय मनात आले कोणास ठाऊक, खुर्चीवाल्याला जवळ बोलावून करवतीचे दुसरे टोक त्याच्या हातात दिले. एक ढकलत होता, दुसरा ओढत होता. स्टूल बाकावर थरथरू लागले.

"धर ना ग," मिस्त्री नातीला म्हणाले, "नुसती रडत काय उभी राहिलीस? हलतंय ते."